ताप उतरला? आता खरी काळजी

गौरी-गणपती उरकले की लेबर रूममधून येणाऱ्या फोनची सुरुवात बदलते. एरवी ऐकू येतं, "मॅडम, सिझर आहे, बाळाचे ठोके कमी झालेत." दिवाळीपर्यंतच्या त्या दीड-दोन महिन्यांत ऐकू येतं, "मॅडम, सिझर आहे, पेशी चाळीस हजार." बाई कितव्या महिन्यात आहे, ताप कधी चढला, कधी उतरला, यातलं काहीच नाही. आधी पेशी.

मी भूलतज्ज्ञ. विदर्भातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात नोकरी केली. सिझेरियन करताना बाईच्या छातीवर आडवं हिरवं कापड टांगतात. त्याच्या पलीकडे गायनिकचे डॉक्टर, अलीकडे तिच्या उशाशी मी. त्यामुळे पडद्यामागचं सांगायचा हक्क मला जरा जास्तच आहे असं मी समजते. माणसं ओळखू येणार नाहीत इतपत तपशील बदलले आहेत. वैद्यकीय गोष्टी मात्र जशा घडतात तशाच.

आमच्याकडे डेंग्यू येतो तो कूलरमधून. एप्रिल-मेमध्ये घरोघरी कूलर घुरघुरत असतात. पहिला पाऊस पडला की बंद होतात, आणि तळाशी चार बोटं पाणी ठेवून गॅलरीतच उभे राहतात. एडिस डासाला एवढं पुरे. हा डास दिवसा चावतो, त्यामुळे रात्रीची मच्छरदाणी त्याला आडवी येत नाही. त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला महिनोन्महिने चिकटून राहतात आणि पाणी मिळालं की फुटतात. सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी आलेली लेक दुपारभर घरातच असते. कूलरमागच्या खोलीत पाय लांब करून पडलेली.

आता त्या पेशींबद्दल. पेशी म्हणजे प्लेटलेट. निरोगी माणसात त्या दीड ते साडेचार लाख असतात, गरोदरपणात मुळातच थोड्या उतरतात, आणि डेंग्यूत झपाट्याने घसरतात. वॉर्डाबाहेर बसलेले नातेवाईक क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसे दर सहा तासांनी आकडा विचारतात. २०१२ च्या ऑक्टोबरात यश चोप्रा मुंबईत डेंग्यूने गेले, तेव्हापासून ही धास्ती वाढल्याचं मला तरी जाणवलं. पण डेंग्यूत जीव जातो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच वाटेने. रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात, रक्तातलं पाणी बाहेर पाझरतं, पोटात आणि छातीत साचतं. आतलं रक्त दाट होतं आणि दाब कोसळतो. हे घडतं ताप उतरायच्या सुमारास, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मधे, आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तास चालतं. म्हणजे घरचे देवापुढे साखर ठेवतात नेमक्या त्या वेळी.

याचा धडा मला एका सिस्टरकडून मिळाला. आमच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर ड्युटीवर आल्या की मॉनिटरकडे बघायच्या आधी एकेका पलंगाजवळ थांबत, चादरीखाली हात घालत आणि बाईच्या पावलाला हात लावून पुढे जात. नवीन इंटर्न मुलं हसायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी एक सात महिन्यांची पोटुशी पोर होती, कपाशीच्या गावातली. तापाचा चौथा दिवस, सकाळपासून ताप नाही. चहा मागून प्याली होती. सासरे दारात उभे. "ताप तं उतरला न मॅडम, मंग आता काऊन ठेवता तिले? सणाले घरी नेतो."

इंटर्नने डिस्चार्जचा कागद अर्धा भरला होता. बीपी लिहिलं होतं १००/८४. पेशी ६२ हजार, म्हणजे त्या मोसमात कोणी भुवईसुद्धा उंचावणार नाही असा आकडा. सिस्टर पावलाला हात लावून थांबल्या. मग दुसऱ्या पावलाला लावला.

"मॅडम, हिचे पाय गार लागताहेत."

वरचं बीपी १०० आहे म्हणून इंटर्न निर्धास्त होता. पण वरच्या आणि खालच्या आकड्यातलं अंतर अवघं १६. हे अंतर २० किंवा त्याखाली आलं की रुग्ण शॉकमध्ये गेला असं धरायचं असतं, मग तो गप्पा का मारत असेना. डेंग्यूचा हाच चकवा आहे. शेवटपर्यंत माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, चहा मागतो.

मग पीसीव्ही पाहिला, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती तो. ३८ होता. इंटर्न म्हणाला, "मॅडम, नॉर्मल आहे." गरोदर नसलेल्या बाईला नॉर्मलच. गरोदरपणात रक्तातलं पाणी लाल पेशींपेक्षा जास्त वाढतं, रक्त पातळ होतं, म्हणून तिचा मूळ आकडा खाली असतो. तो किती होता ते कुठे मिळणार? सासूबाईंनी कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं माता-बाल संरक्षण कार्ड काढलं. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी महिन्याभरापूर्वी निळ्या शाईने हिमोग्लोबिन लिहिलं होतं, १०. पीसीव्ही साधारण त्याच्या तिप्पट धरतात, म्हणजे ३०. तिसावरून अडतीस म्हणजे पंचवीस टक्क्यांहून जास्त वाढ. वीस टक्क्यांनाच धोक्याची घंटा मानतात. पोरीचं रक्त आतल्या आत आटत चाललं होतं.

डिस्चार्जचा कागद फाडला. रात्रभर सलाईन तासातासाला मोजून, लघवी मापाच्या भांड्यात मोजून. पहाटेपर्यंत पाय कोमट झाले. तिला त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी पूर्ण दिवस भरून मुलगी झाली, हे नंतर सिस्टरांकडूनच कळलं. तो इंटर्न पुढे कुठेतरी फिजिशियन झाला. भेटला तेव्हा म्हणाला, आता मीपण आधी पाय बघतो.

याच गोष्टीची दुसरी बाजूही असते. एका खासगी नर्सिंग होममधून एक बाळंतीण आमच्याकडे आली. डेंग्यू होता, प्रसूती सुखरूप झाली होती, ताप जाऊन तीन दिवस झालेले. आणि मध्यरात्री अचानक दम लागला, आडवं पडवेना. सोबतच्या कागदांवर सलाईनच्या बाटल्यांची यादी एवढी लांब की मागच्या पानावर गेलेली. डेंग्यूत बाहेर पाझरलेलं पाणी एक-दोन दिवसांनी आपोआप रक्तात परत येतं. बाळंतपणानंतर गर्भाशय आकसतं, तिथलं रक्तही अंगात परततं. अशा वेळी वरून सलाईन चालूच ठेवलं तर ते जाणार कुठे? फुप्फुसात. सलाईन बंद, लघवी वाढवण्याचं इंजेक्शन, ऑक्सिजन. सकाळी बाई उशीला टेकून बाळाला पाजत होती. डेंग्यूचं औषध म्हणजे पाणी, हे खरंच. पण ते कधी सुरू करायचं याइतकंच कधी थांबवायचं हेही औषधाचाच भाग आहे. आपल्याकडे बाटली लावली की उपचार झाला असं रुग्णालाही वाटतं आणि कधीकधी डॉक्टरलाही.

माझ्या खात्यातला सगळ्यात घाम फोडणारा किस्सा 'हेल्प'चा. हेल्प सिंड्रोम हा गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या आजाराचा उग्र अवतार. पेशी उतरतात, लिव्हरचे एन्झाइम चढतात, लाल पेशी फुटतात. त्याला एकच खरा इलाज, बाळ बाहेर काढणं. डेंग्यूतही पेशी उतरतात, लिव्हरचे एन्झाइम चढतात. आणि डेंग्यूच्या नेमक्या त्या पाझरायच्या दिवसांत बाळंतपण ओढवणं म्हणजे आईला रक्तस्रावाच्या तोंडी देणं. रिपोर्ट जवळपास तोच, निर्णय बरोबर उलटे.

चौतीस आठवड्यांची बाई रात्री अकराला आली. पेशी ३८ हजार, लिव्हरचं एन्झाइम एसजीओटी तीनशेच्या वर, बीपी १४०/९०, पोटात वरच्या बाजूला दुखतंय. गायनिकच्या रेसिडेंटने मला फोन केला तोच मुळी "मॅडम, हेल्प आहे, टेबलावर घेतोय" असा. मी धावत गेले. मला ती बाई टेबलावर नकोच होती, हे इथे मोकळेपणाने सांगते. ३८ हजारांवर पाठीत सुई टोचून अर्धी भूल देणं म्हणजे मणक्याच्या आत रक्त साकळायचा धोका पत्करणं. तसं झालं तर पाय कायमचे जाऊ शकतात. साधारण सत्तर हजारांच्या वर आम्हाला हायसं वाटतं, आणि डेंग्यूत उरलेल्या पेशीही धड काम करतील याची खात्री नसते. पूर्ण भूल द्यायची तर गरोदर बाईचा घसा आधीच सुजलेला, नळी घालताना पात्याचा धक्का लागला तरी हिरड्यांतून रक्त. म्हणजे दोन्हीकडून पंचाईत.

लेबर रूमच्या बाहेरच्या बोळात आमची तिघांची परिषद भरली. गायनिकच्या मॅडम, मेडिसिनचे सर आणि मी. सर म्हणाले, "लघवीत प्रोटीन किती?" नव्हतंच. "पांढऱ्या पेशी?" २८००, म्हणजे कमी. हेल्पमध्ये त्या अशा उतरत नाहीत, डेंग्यूत उतरतात. पीसीव्ही चढलेला. "ताप होता का?" बाई म्हणाली, होता. सासू म्हणाली, कणकण होती फक्त. नवरा म्हणाला, गावातल्या डॉक्टरांनी कसली तरी तपासणी केली होती. रिपोर्ट कुठाय? रिपोर्ट दिराच्या व्हॉट्सॲपवर. दीर कुठाय? चहा प्यायला गेटबाहेर. वॉर्डातले मामा त्याला शोधायला धावले. दहा मिनिटांनी तो आला. फोनची काच तडकलेली, आणि त्या तडकलेल्या काचेखाली दोन दिवसांपूर्वीचा रिपोर्ट: एनएस-१ पॉझिटिव्ह. ही चाचणी तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत विषाणू पकडते. पुढे आयजीएम प्रतिपिंडांची चाचणी बघावी लागते. तिचे संच पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था देशभरच्या प्रयोगशाळांना पुरवते.

गायनिकच्या मॅडम थोडा वेळ गप्प राहिल्या. मग रेसिडेंटला म्हणाल्या, "सिझर कॅन्सल. आपण थांबतोय." थांबतोय म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. दर दोन तासांनी बीपी, दर सहा तासांनी पीसीव्ही, बाळाचे ठोके, एक बॅग रक्त तयार, मी थिएटरात. मध्येच बाळाचे ठोके १८० वर गेले आणि रेसिडेंटचा चेहरा पुन्हा सिझरचा झाला. पण आईलाच परत ताप चढला होता. आई तापली की बाळाचे ठोकेही धावतात. पॅरासिटामॉल दिलं, सलाईन थोडं वाढवलं, तासाभरात ठोके खाली आले. दुसऱ्या दिवशी पेशी ३१ हजार, तिसऱ्या दिवशी ४५, मग ९०. बाई पोटुशीच घरी गेली आणि दिवस भरल्यावर बाळंत झाली. मला विचाराल तर त्या रात्री सगळ्यांत अवघड काम केलं ते न कापणाऱ्या हातांनी. सरकारी रुग्णालयात मध्यरात्री "थांबतोय" म्हणायला जी हिंमत लागते ती बाहेरून दिसत नाही. नातेवाइकांना वाटतं, डॉक्टर काही करत नाहीत.

दोन्ही आजार एकाच वेळी झालेली बाईही असू शकते, हेही सांगून ठेवते. म्हणून हा निवाडा घरी बसून, रिपोर्टचा फोटो पाहून करायचा नाही.

"पेशी कमी आहेत, तर सिझर करून लवकर मोकळी करा" हे वाक्य मी शेकड्याने ऐकलं असेल. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, आहे उलटं. वार सुटून आल्यावर गर्भाशयात जी मोठी जखम उरते, तिथलं रक्त प्रामुख्याने प्लेटलेटमुळे थांबत नाही. गर्भाशयाचे स्नायू आकसतात आणि त्यांच्या जाळ्यातून जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबून बंद करतात. म्हणजे गर्भाशय नीट आकसलं तर कमी पेशींवरही नॉर्मल बाळंतपण पार पडू शकतं. पोटावर चीर दिली की मात्र कातडी, चरबी, स्नायू प्रत्येक थर रक्त गाळतो. तिथे पेशी लागतातच.

२८ हजारांवर कळा सुरू झालेली एक बाई आठवते. कळा थांबवण्याच्या पलीकडे गेल्या होत्या. गायनिकच्या मॅडम स्टूल ओढून तिच्यापाशी बसल्या. त्यांनी टाका पडेल असा छेद दिला नाही, कमरेत एकही इंजेक्शन टोचू दिलं नाही, कारण स्नायूत टोचलं की तिथे रक्ताची गाठ धरते. गर्भाशय आकसायचं औषध सलाईनमधून. प्लेटलेटच्या बॅगा आणून ठेवल्या होत्या, पण डोकं दिसायला लागेपर्यंत लावल्या नाहीत. रेसिडेंट कासावीस. मॅडम म्हणाल्या, "आत्ता लावल्यास तर दोन तासांत कुठे जातील ते कळायचंसुद्धा नाही." हेच खरं आहे. पाझरायच्या दिवसांत वरून दिलेल्या पेशी काही तासच टिकतात. रक्तस्राव नसताना, प्रसूती जवळ आलेली नसताना, नुसता आकडा सजवायला पेशी देत नाहीत. बाई बाळंत झाली, रक्त एरवीइतकंच गेलं. मी सगळी औषधं भरून उभी होते, ती तशीच राहिली. भूलतज्ज्ञाच्या आयुष्यातला तो चांगला दिवस.

आकड्यावरून आठवलं. एकदा मशीनने १८ हजार पेशी छापल्या. बाईच्या अंगावर एक ठिपका नाही, हिरडीतून थेंब नाही, तापाचा दुसराच दिवस. पॅथॉलॉजीच्या मुलीला शंका आली. तिने काचेवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशी झुपक्याझुपक्यांनी चिकटून बसल्या होत्या. जांभळ्या टोपणाच्या बाटलीतल्या रसायनाने काही जणांच्या पेशी अशा गोळा होतात आणि मशीन तो अख्खा झुपका मोजतच नाही. निळ्या टोपणाच्या बाटलीत पुन्हा रक्त घेतलं, पेशी लाखाच्या वर. तोवर तिच्या भावाने गावातून चार रक्तदाते जीपमध्ये बसवले होते.

रक्तपेढीची तऱ्हाच वेगळी. एकाच दात्याच्या रक्तातून मशीनवर पेशी वेगळ्या काढायच्या तर तपासण्यांसकट तीन-चार तास जातात. अशी एक बॅग आकडा तीस ते पन्नास हजारांनी चढवते. साध्या रक्तदानातून मिळालेली बॅग जेमतेम पाच-दहा हजारांनी. दाता म्हणून आलेल्या एका तगड्या पोराला परत पाठवलं, कारण डोकं दुखतं म्हणून त्याने आदल्या रात्री डिस्प्रिन घेतली होती. ॲस्पिरिनने पेशी निकामी होतात, तीन दिवस तरी गेलेले हवेत. एक नवरा बाही वर करून काउंटरवर हटून बसला होता, "माझंच घ्या." त्याला कोणी नीट सांगेना. मीच सांगितलं, की मूल होण्याच्या वयात नवऱ्याचं रक्त बायकोला शक्यतो देत नाहीत, कारण तिच्या अंगात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली तर पुढच्या बाळाला त्रास होऊ शकतो. तो म्हणाला, "मग मी करू काय?" मी म्हटलं, तिच्या लघवीचा हिशेब ठेव. त्याने वहीत रेघा मारून असा चोख हिशेब ठेवला की आमच्या चार्टपेक्षा सरस.

आणि एका रात्री कोणी तरी मोठ्या मायेने प्लेटलेटची बॅग वॉर्डाच्या फ्रिजमध्ये ठेवली, खराब होऊ नये म्हणून. प्लेटलेट वीस ते चोवीस अंशांवर हलत्या ट्रेमध्ये ठेवतात, तेही पाचच दिवस. फ्रिजमध्ये गेली की संपली. साडेतीन तासांची मेहनत बादलीत.

याच रक्तपेढीच्या काउंटरवर काचेच्या बाटलीत मनी प्लांट होता. नातेवाईक तिथे कोपर टेकून पेशींची वाट बघायचे. महापालिकेच्या डास-अळी सर्वेक्षणाचा माणूस बॅटरी घेऊन आला, बाटली उचलून उजेडात धरली आणि काही न बोलता आमच्यापुढे केली. मुळांच्या मधून अळ्या वळवळत वर-खाली करत होत्या. त्याच माणसाला गच्चीवरच्या झाकण नसलेल्या ड्रममध्येही त्या मिळाल्या. डेंग्यूच्या पहिल्या पाच-सहा दिवसांत विषाणू रुग्णाच्या रक्तात असतो. त्या दिवसांत तिला चावलेला डास पुढच्या आठवड्यात शेजारच्या बाळंतिणीला चावणार. म्हणून तापातल्या बाईला दिवसाही मच्छरदाणीत ठेवायचं असतं. वॉर्डात मच्छरदाण्या होत्या, पण त्या लावायला खिळे नव्हते. खिळ्यांचा इंडेंट मंजूर व्हायला थंडी उजाडली, तोवर डासच संपले.

घरगुती उपायांवर लिहायला बसले तर वेगळा लेख होईल. एकच सांगते. गरोदर बाईने पपईच्या वाऱ्यालाही उभं राहू नये म्हणणारी एक आजी डबा घेऊन आली. डब्यात हिरवागार रस, पपईच्या पानांचा. "पेशी वाढतात म्हणे." फळ चालत नाही आणि पान चालतं, हे कसं, म्हणून विचारलं तर आजी गडबडल्या. गरोदरपणात हा रस सुरक्षित आहे असं कोणी सिद्ध केलेलं नाही, आणि उलट्या होणाऱ्या बाईच्या पोटात तो कडू रस ओतून आपण तिच्या अंगातलं उरलंसुरलं पाणीही घालवतो. किवी आणि ड्रॅगन फ्रूट त्या मोसमात चढ्या भावाने विकली जातात. खायला हरकत नाही, पण त्यापेक्षा साधं लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, पेज, ओआरएस घोटघोट जाऊ द्या. तापाला फक्त पॅरासिटामॉल. कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन, डायक्लोफेनॅक नाही. गरोदरपणात बीपीसाठी रोजची छोटी ॲस्पिरिन चालू असेल तर ताप आल्याबरोबर डॉक्टरांना विचारा, बहुधा थांबवतील.

आता बाळाकडे येते. लोक पहिला प्रश्न विचारतात, बाळात व्यंग येईल का? झिकामुळे बाळाचं डोकं लहान राहतं हे सगळ्यांनी वाचलंय, आणि झिकाही हाच एडिस डास पसरवतो. महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात सापडले तेव्हा त्यांत गरोदर बायका बऱ्याच होत्या. डेंग्यूचं तसं नाही, त्याने ठरावीक व्यंग येतं असं दिसलेलं नाही. बहुसंख्य आई आणि बाळं सुखरूप सुटतात. पण दिवस भरायच्या आत कळा येणं, बाळाचं वजन कमी भरणं, प्रसूतीत जास्त रक्त जाणं यांचा धोका असतो. ब्राझीलमधल्या लाखो जन्मनोंदी तपासून २०१७ मध्ये आलेल्या अभ्यासात गरोदरपणात डेंग्यू झालेल्यांमध्ये मृत बाळ जन्माला येण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं, आणि डेंग्यू गंभीर असेल तर त्याहून कितीतरी जास्त.

प्रसूतीच्या तोंडावर ताप आला तर विषाणू बाळाकडेही जातो. फ्रेंच गयानातल्या एका अभ्यासात असं पाचातल्या साधारण एका बाळाच्या बाबतीत झालेलं आढळलं. आमच्याकडच्या एका बाईला प्रसूतीच्या दोन दिवस आधी ताप चढला होता. बाळ जन्मलं गुटगुटीत, रडलं खणखणीत. तिसऱ्या दिवशी घरचे डिस्चार्ज मागू लागले, पाचवी घरी पुजायची म्हणून. बालरोगच्या मॅडमनी साफ नाही म्हटलं. भांडण झालं, वरिष्ठांपर्यंत गेलं. शेवटी आजीने वॉर्डातच पलंगाखाली वर्तमानपत्र पसरलं, त्यावर कोरा कागद, बॉलपेन, सुपारी ठेवून पाचवी पुजली. सिस्टरांनी तिकडे पाठ केली. त्याच संध्याकाळी बाळ तापलं. अंगावर लाल पुरळ, पेशी २४ हजार. घरी असतं तर घामोळं आलं म्हणून हळद लावली असती. नवजात अतिदक्षता विभागात फक्त बारीक लक्ष ठेवलं, आईचं दूध चालूच ठेवलं. दहाव्या दिवशी पेशी चढल्या. बारसं घरी झालं.

आणखी एक गोष्ट बालरोगवाले पालकांना सांगतात, पण ती वॉर्डाबाहेर फारशी पोचलेली नाही. आईला डेंग्यू होऊन गेला असेल तर तिची प्रतिपिंडं बाळाला मिळतात आणि पहिले काही महिने राखण करतात. मग ती ओसरू लागतात. सहा ते नऊ महिन्यांच्या सुमारास ती अशी अर्धवट उरतात की विषाणूला अडवायच्या ऐवजी शरीराच्या पेशींत शिरायला मदत करतात. १९६० च्या दशकात बँकॉकमध्ये संशोधक स्कॉट हॉलस्टेड यांच्या लक्षात आलं, की गंभीर डेंग्यूच्या बालरुग्णांत वर्षाच्या आतली, पहिल्यांदाच डेंग्यू झालेली बाळंही आहेत. तेव्हा या वयाच्या बाळाला पावसाळ्यात ताप आला तर दात येताहेत म्हणून घरी थांबू नका.

गरोदर बाईसाठी डेंग्यूची लस नाही. जगात वापरात असलेल्या लशी जिवंत विषाणूच्या आहेत आणि त्या गरोदरपणात देत नाहीत. म्हणजे उरतं ते पूर्ण बाह्यांचे कपडे, अंगाला लावायची डास-प्रतिबंधक मलमं, ज्यांतली डीईईटीची गरोदरपणातही चालतात, आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस. कूलरचा ट्रे, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी. नुसतं ओतून देऊ नका, कडा घासा, अंडी तिथेच असतात.

आणि घरात पोटुशी बाई तापली तर एक काम कराच. ताप पहिल्यांदा कधी चढला ती तारीख आणि वेळ तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर पेनाने लिहा, तो कधी उतरला तेही लिहा, आणि रिपोर्ट दिराच्या फोनमध्ये न ठेवता कार्डासोबत छापून ठेवा. ताप उतरल्यावर पुढचे दोन दिवस तिला एकटी सोडू नका. पोट दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून किंवा अंगावरून रक्त, बाळाची हालचाल मंदावणं, सहा तासांत लघवी नाही, हातपाय गार, यातलं एक जरी दिसलं तरी रात्र असो की सण असो, जिथे रक्तपेढी आणि लेबर रूम दोन्ही आहेत अशा रुग्णालयात तिला घेऊन या.